घर इथे, काम तिथे : लोकलच्या गर्दीचं मूळ कुठे आहे?

(डोंबिवलीत एका रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतले तीन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

आज मेगाब्लॉक असूनही एवढे लोक आलात, त्याबद्दल आधी आभार. संयोजकांनी मला शुक्रवार सुचवला होता. मी म्हटलं, शुक्रवारी सहा वाजता डोंबिवलीत कोण असतं? आठ वाजता माणसं उतरतात, साडेआठला भाजी घेतात, नऊला घरी पोचतात. आपल्याकडे व्याख्यान ठेवायचं तर रविवार, नाहीतर श्रोते निवृत्तच हवेत. (हशा) हसताय, पण आजचा विषय हाच आहे. आपल्या आठवड्यात संध्याकाळ नावाची गोष्ट उरलेली नाही.

आपल्या दोन तक्रारी असतात. एक, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दुसरी, मुंबईत घर परवडत नाही. पहिली आपण रेल्वेकडे करतो, दुसरी बिल्डरकडे नाहीतर नशिबाकडे. मला आज एवढंच समजावून सांगायचं आहे की या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. आपण ज्याला गाडीची गर्दी म्हणतो तो बऱ्याच अंशी घरांचा प्रश्न आहे, फक्त तो आपल्याला फलाटावर दिसतो.

सुरुवात गिरणगावापासून करू. लालबाग, परळ, वरळी, नायगाव, डिलाईल रोड. गिरणीचा भोंगा झाला की माणूस चाळीतून निघायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत खात्यात हजर. बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. त्या जगण्याचं मला कौतुक करायचं नाही. एका खोलीत आठ-दहा माणसं पाळ्यांनी झोपायची. पण एक गोष्ट होती, कामावर जायला गाडी लागत नव्हती. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली, ३ फेब्रुवारी १९२५ला विजेवरची पहिली गाडी व्हीटी ते कुर्ला धावली, तेव्हा उपनगरातून येणारा साहेबाच्या कचेरीतला कारकून होता. कामगार चालतच जायचा.

मग १९८२ साल आलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. उरली जमीन, तीही शहराच्या अगदी पोटात, सुमारे ६०० एकर. एवढी मोकळी होणारी जमीन एखाद्या भरलेल्या शहराला दर शतकात मिळत नाही.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीमालकाला जमीन विकसित करायची असेल तर तीन भाग करा : एक तृतीयांश महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, घरांसाठी. उरलेली मालकाला. सूत्र चांगलं होतं. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त त्या जमिनीची, जी आधीपासून मोकळी आहे. ज्या जमिनीवर गिरणीची इमारत उभी होती ती वाटणीतून बाहेर. आता तुम्हीच सांगा, गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? बहुतेक जमिनीवर शेडच असते. उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली आणि विषय संपला. घरांना आणि मैदानांना जे मिळायला हवं होतं त्याचा छोटा तुकडा मिळाला.

त्या जागी काय उभं राहिलं? कचेऱ्या, मॉल, आणि चाळीस-पन्नास मजली इमारती, ज्यांत राहणारा माणूस लोकलनं जात नाही. म्हणजे नोकऱ्या परळलाच राहिल्या, फक्त बदलल्या. कापडाऐवजी बँका, जाहिरात, वाहिन्या. पण पूर्वी तिथे काम करणारा तिथेच राहायचा. आता काम करणारा विरारहून येतो, बदलापूरहून येतो, तुमच्यासारखा डोंबिवलीहून येतो.

आता परळ स्टेशनचा आणि एल्फिन्स्टन रोडचा तो जोडपूल आठवा. ही स्टेशनं कशी होती? कामगारवस्तीतली, चढ-उतार बेताची. पूल त्या हिशोबाचा, जिना त्या हिशोबाचा. वरच्या जमिनीवर हजारो माणसं रोज उतरतील अशी बांधकामं मंजूर झाली, तेव्हा खाली जिना किती फुटांचा आहे हे कोणी विचारलं नाही. कारण जमीन एका खात्याची, परवानगी दुसऱ्याची, रेल्वे तिसऱ्याची. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळी पाऊस आला, माणसं जिन्यात थांबली, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या आणि २३ जण चेंगरून गेले. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधला. आपण तेव्हा चर्चा केली ती अफवेची आणि पावसाची. माझ्या मते त्या दिवशीचं गणित २००१ सालीच मांडून झालं होतं.

आता प्रश्न येतो की जुन्या मुंबईत लोकांना परवडतील अशी घरं का बांधली गेली नाहीत. इथे थोडं कायद्यात शिरावं लागेल.

१९४७ साली भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं गोठवलं, तेही १ सप्टेंबर १९४०ला जे होतं त्या पातळीवर. युद्धानंतरची टंचाई, फाळणीनंतर आलेली माणसं, अशा वेळी तो कायदा योग्यच होता. पण तो तात्पुरता म्हणून आला आणि अर्धशतक राहिला. परिणाम दोन झाले. मालकाला भाड्यातून जिन्याचा बल्बसुद्धा परवडेना, म्हणून त्यानं दुरुस्ती सोडली. इमारती पडायला लागल्या, मग १९६९च्या कायद्यानं भाडेकरूंकडून उपकर घेऊन सरकारी मंडळाकडून दुरुस्ती सुरू झाली. आपण ज्यांना सेस इमारती म्हणतो त्या या. आणि दुसरा परिणाम जास्त खोल : भाड्यानं देण्यासाठी नवं घर बांधणं हा धंदाच बंद झाला. कोण बांधेल? बांधायचं ते विकायलाच. म्हणून मुंबईत मध्यमवर्गीय माणसाला 'घर' म्हणजे विकत घेतलेलं घर. भाड्याचं घर म्हणजे तात्पुरती सोय, थोडी लाजिरवाणीसुद्धा.

मधल्या काळात पागडी नावाची तडजोड निघाली. घर मालकाचं, ताबा भाडेकरूचा, खोली दुसऱ्याला द्यायची तर रकमेतला ठरावीक हिस्सा मालकाला. अनेक वर्षं हे सगळं कायद्याच्या बाहेरच चालू होतं. गिरगावातल्या कितीतरी कुटुंबांनी अशीच खोली सोडली, आलेले पैसे घेतले आणि डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात ही गोष्ट झालेली असणार. (सभागृहातून : ठाकुरद्वार!) बरोबर.

आणि अकरा महिन्यांचा करार, तो कुठून आला? १९७३ साली भाडेकायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो माणूस लीव्ह अँड लायसन्सवर राहत होता तो संरक्षित भाडेकरू ठरला. मालकांनी धसका घेतला तो आजतागायत. नवा कायदा १९९९चा आहे, २०००पासून लागू आहे, करार नोंदवणं बंधनकारक आहे, मुदत संपल्यावर घर परत मिळण्याची सोय आहे. पण आजही घरमालक अकरा महिन्यांवर सामान उचलायला लावतो किंवा भाडं वाढवतो. शाळेत जाणारं मूल असलेल्या कुटुंबानं किती वेळा टेम्पो बोलवायचा? मग तो म्हणतो, लांब का होईना, पण स्वतःचं घेऊ. गाडीतल्या गर्दीत ही भीतीही असते.

दुसरी गोष्ट एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. हजार मीटरचा प्लॉट असेल आणि निर्देशांक १.३३ असेल, तर सगळे मजले मिळून १,३३० मीटर बांधा. मुंबई बेटावर १९९१ला तो १.३३ ठेवला, उपनगरात १. गर्दी वाढू नये हा हेतू. गर्दी वाढायची ती वाढलीच, फक्त अधिकृत घरांत नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत होती. पुढे निर्देशांक वाढवून मिळायला लागला, पण कसा? टीडीआर विकत घ्या, प्रीमियम भरा, फंजिबल घ्या, झोपडपट्टी पुनर्वसनात जादा मिळवा. म्हणजे जागेची टंचाई आधी नियमानं तयार करायची आणि मग तीच थोडी थोडी विकायची. त्यातून पालिकेला आणि सरकारला मोठं उत्पन्न मिळतं. ज्याची कमाई टंचाईवर आहे त्याच्याकडून टंचाई संपवण्याची अपेक्षा मी तरी ठेवत नाही. आणि हा सगळा भार शेवटी प्रति चौरस फूट दरात येऊन बसतो.

कमाल जमीन धारणा कायद्याचं एका वाक्यात सांगतो. १९७६ला आला, मोठ्या जमिनी घेऊन गरिबांची घरं बांधायची होती, मालक कोर्टात गेले, जमिनी अडकल्या, २००७मध्ये राज्यानं तो रद्द केला.

या सगळ्याचा परिणाम जनगणनेत दिसतो. २००१ला मुंबई बेटावर, म्हणजे माहीम-शीवच्या दक्षिणेला, ३३ लाख ३८ हजार लोक राहत होते. २०११ला ३० लाख ८५ हजार. कमी झाले! त्याच दहा वर्षांत त्या वेळचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसं उत्तरेला आणि पूर्वेला सरकली, कचेऱ्या मात्र चर्चगेट, परळ, बीकेसी, अंधेरीलाच राहिल्या. मधलं अंतर भरायला काय होतं? तेच रूळ.

आता गाडीकडे येऊ. लोक म्हणतात, गाड्या वाढवा. वाढवता का येत नाहीत ते पाहू.

बारा डब्यांच्या गाडीत बसायला साधारण अकराशे-बाराशे जागा असतात. गर्दीच्या वेळी त्यात चार-साडेचार हजार माणसं असतात. रेल्वेच्या भाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्द आहे : उभं राहण्याच्या एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. घरी गेल्यावर जमिनीवर खडूनं एक मीटरचा चौकोन आखा आणि त्यात सोळा जणांना उभं करून बघा. नाही मावणार. लोकलमध्ये मावतात, कारण काहींचे पाय आत आणि धड बाहेर असतं.

एका रुळावर दोन गाड्यांमध्ये तीन मिनिटांचं अंतर धरलं तर तासाला वीस गाड्या, म्हणजे नव्वद हजार माणसं, फक्त एका मार्गानं, एका दिशेनं. रस्त्याच्या एका लेनमधून तासाला दोन हजार मोटारी गेल्या तरी तीन-चार हजार माणसं जातात. हे ध्यानात ठेवा आणि मग सागरी रस्त्याच्या बातम्या वाचा.

तीन मिनिटांचं अंतर कमी का होत नाही? एक, सिग्नल व्यवस्था. नव्या तंत्रानं ते कमी करता येतं, योजना आहे, काम व्हायचं आहे. दोन, गाडी फलाटावर थांबते त्या वेळात एवढी माणसं चढू-उतरू शकत नाहीत, दर स्टेशनावर दहा-वीस सेकंद जास्त जातात आणि मागची गाडी बाहेर उभी राहते. तीन, आपलं दिव्याचं फाटक. ते उघडं राहिलं की दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबतात. आणि चार, कल्याणला कसारा आणि कर्जत अशा दोन शाखा एकत्र येतात, त्यात लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यात मालगाड्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ला सुरू झाली तेव्हा थोडा श्वास मिळाला. पण ती मार्गिका कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत नाही. रूळ टाकायला जागा नाही, कारण रुळाशेजारी इमारती आणि झोपड्या आहेत. परत घरंच आडवी येतात, बघा.

रुळाशेजारच्या हजारो कुटुंबांना एमयूटीपी प्रकल्पात हलवलं. कुठे? मानखुर्दला लल्लुभाई कंपाउंड, वाशी नाका अशा ठिकाणी. पक्कं घर मिळालं, हे खरंच. पण ज्या बाई चालत जाऊन चार घरची धुणीभांडी करत होत्या त्यांना आता बस आणि लोकल लागली. रेल्वेची गर्दी कमी करण्यासाठी हलवलेली माणसं रेल्वेचे प्रवासी झाली.

एसी लोकलचं भांडणही याच गणितातलं. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर धावली. २०२२च्या ऑगस्टमध्ये कळव्याला, बदलापूरला प्रवासी रुळांवर आणि फलाटांवर उतरले, तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं, लोकांना सुधारणा नको असते. चूक. लोकांना गारवा नको होता असं नाही. रुळावर तासाला वीसच जागा असतात. एक एसी गाडी वाढली ती जास्तीची नव्हती, साध्या गाडीच्या जागी होती. ज्याच्याकडे काही शे रुपयांचा सेकंड क्लासचा पास आहे त्याची ८.२०ची गाडी गेली आणि पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं आली.

आणि दारं. दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं या उपनगरी मार्गांवर मरतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं खाली पडली. ते वळण तुमच्या रोजच्या वाटेवरचं आहे, मी वर्णन करत नाही. त्यानंतर साध्या गाड्यांनाही बंद होणारी दारं लावण्याची घोषणा झाली. दारं लावा, हवा खेळती ठेवून लावा. पण दार बंद झाल्यावर जी माणसं फलाटावर राहतील ती कोणत्या गाडीनं जाणार, हेही सांगा.

बेस्टबद्दल थोडक्यात. ट्राम १९६४ला बंद झाली, बस राहिली, आणि बराच काळ बेस्टच्या वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघत होता. ती वाट बंद झाली, स्वतःच्या बस कमी झाल्या, कंत्राटी आल्या, किमान भाडं २०१९ला ५ रुपये झालं आणि २०२५ला १०. स्टेशनपासून कचेरीपर्यंतचं शेवटचं दीड किलोमीटर शेअर रिक्षाच्या रांगेत जातं ते यामुळे. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

एक वेगळा प्रयत्न झाला होता, तो सांगतो. १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की खाडीपलीकडे नवं शहर करा आणि कचेऱ्या तिकडे न्या. १९७०ला सिडको झाली. कल्पना नेमकी होती, घरांबरोबर काम हलवायचं. पण मंत्रालय हललं नाही. उलट त्याच काळात समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभं राहिलं. आणि वाशीला रेल्वे पोचली १९९२ला. वीस वर्षं लोक खाडीपुलावरून बसनं जात होते. त्या वीस वर्षांत जे तिकडे गेले असते ते इकडे, मध्य रेल्वेवर आले.

आता प्रश्न.

प्रश्न : मेट्रो आल्यावर तरी गर्दी कमी होईल ना?

काही ठिकाणी होईल, झालीही आहे. २०१४ला वर्सोवा-घाटकोपर सुरू झाली तेव्हा पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांचा दादरचा वळसा वाचला. कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रो २०२५च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली, तीही उपयोगाची आहे. पण मेट्रोचं स्टेशन ठरलं की शेजारच्या घराचा भाव चढतो. 'मेट्रोपासून पाच मिनिटं' ही पाटी स्टेशनाच्या आधी लागते. शिवाय २०२२पासून मुद्रांक शुल्कावर १ टक्का मेट्रो अधिभार आहे. पैसे घ्यायला हरकत नाही, पण मग त्या स्टेशनच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत लहान आणि भाड्याची घरं सक्तीनं का नकोत? तसं झालं नाही तर मेट्रोजवळ मोटारवाले राहतील आणि मेट्रोत बसायला आपण रिक्षा करून जाऊ.

प्रश्न : माझं लग्न ठरलंय. इथे कर्ज काढून घर घ्यावं की ठाण्याच्या पुढे भाड्यानं राहावं?

दोन हिशोब करा. समजा साठ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता बावन्न हजारांच्या आसपास. त्याच घराचं भाडं बहुधा त्याच्या अर्ध्याहूनही कमी असेल. आपल्याकडे भाडं घराच्या किमतीच्या मानानं कमी असतं. उरलेले पैसे खरंच बाजूला टाकणार असाल तर भाडं हा मूर्खपणा नाही. दुसरा हिशोब वेळेचा. रोज तीन तास जास्त, महिन्याला चोवीस दिवस, म्हणजे ७२ तास. आठ तासांच्या नऊ पाळ्या. त्या पाळ्यांचा पगार कोणी देत नाही. तुम्ही आणि तुमची होणारी बायको दोघंही नोकरी करणार असाल तर अठरा पाळ्या. करार नोंदवून तीन वर्षांचा करा, आईवडिलांना आधी सांगून ठेवा, कारण तो विरोध तिथूनच येतो. (हशा)

प्रश्न : माझे वडील गिरणीत होते. आम्ही घरासाठी अर्ज केलेला आहे. आता शेलू-वांगणीला देतो म्हणतात. घ्यावं का?

वडील कुठल्या गिरणीत होते? (लोअर परळ.) लाखाहून जास्त अर्ज आहेत आणि घरं आजवर काही हजारांनाच मिळाली, त्यातलीही काही पनवेलजवळ कोनला. शेलू कर्जतच्या थोडं अलीकडे. कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो मला पटतो : ज्या जमिनीवर त्यांनी काम केलं तिथलं घर मागताहेत, फुकटची दया मागत नाहीत. पण तुम्ही मला तुमच्या घराचं विचारताय, तेव्हा सरळ सांगतो. तिथे राहायला जाणार कोण, ते आधी ठरवा. वडील राहणार असतील तर जवळ दवाखाना कुठला आणि रात्री अकरानंतर गाडी कधी, हे स्वतः एकदा जाऊन बघा. मुलगा राहून परळला नोकरीला जाणार असेल तर सोमवारी सकाळची गाडी पकडून बघा, रविवारची नको. आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी एवढं लेखी विचारा की हे नाकारलं तर मुंबईतल्या सोडतीचा हक्क राहतो की जातो. तोंडी उत्तर घेऊ नका.